मधला आवाज

हेडफोन लावले की सान्वीचं रडणं ऐकू येत नाही, एवढ्यासाठीच मला स्पीकर घ्यायचे होते.

मी घरी बसून मिक्सिंग करते. भजनी मंडळांची गाणी, लहान मुलांच्या चॅनेलच्या गोष्टी, कुणाच्या हळदीची गाणी. लोक घरच्या घरी रेकॉर्ड करून पाठवतात. त्यातला पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही काढायचा, पेटी गळ्याच्या मागे बसवायची आणि परत पाठवायचं. गोडदेवच्या आमच्या घरातली आतली खोली एवढी लहान की मी खुर्ची ओढून टेबलाशी बसले की दार पूर्ण उघडत नाही. दुपारी सान्वी मागे पलंगावर झोपली की तेवढा वेळ माझा. हेडफोन लावून बसले की ती उठून, रडून रडून लाल झालेली असायची आणि मला पत्ताच नसायचा.

तिला माझा आवाज जात नव्हता. निदान तिचा मला तरी यायला हवा होता.

दिवाळीनंतर कळलं ते. कानांच्या दवाखान्यात दिव्या मॅडमनी तिला झोपवून डोक्याला तारा लावल्या, यंत्रातून बारीक-मोठे आवाज सोडले, आणि पडद्यावरची रेघ दोन्ही कानांची सरळच राहिली. "पुन्हा एकदा करून बघू, मग पुढचं ठरवू," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं वेड्यासारखं चाललं होतं. मागून हाक मार, ताट वाजव, दार आपट. एकदा वळ गं बाई, एकदाच. रोहित, माझा नवरा, कामावरून आला की बूट काढायच्या आधी तिच्या पाठीशी उभा राहून टाळी वाजवायचा. मग मोजे काढत बसायचा.

कुठले स्पीकर घ्यायचे यावर मी कितीतरी दुपारी सान्वीला मांडीवर घेऊन वाचत होते. खरं म्हणजे बरंच झालं. कानांबद्दल वाचायची भीती वाटायची. गाणी ऐकायचे स्पीकर सगळं गोड करून ऐकवतात; मिक्सिंगचे, म्हणजे मॉनिटर, त्यांनी जसं आहे तसं ऐकवायचं असतं. आमच्या खोलीला पाच इंची पुरे, त्याहून मोठे घेतले तर भिंती घुमतात. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले हवेत. हवा सोडायचं भोक पुढून हवं, कारण आमचं टेबल भिंतीला टेकलेलं. मागून असलं की खालचे सूर भिंतीवर आपटून फुगतात. एवढं सगळं आमच्या ऐपतीत बसवायचं म्हणजे वापरलेलेच बघायला हवे होते.

जितेशभाई हाटकेशला एका गाळ्यात जुने स्पीकर दुरुस्त करून विकतात. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापत होते. मी सान्वीला झोळीत बांधून आत शिरले, तशी त्यांनी कापसाची गुंडाळी पुढे केली.

"बच्ची के कान में डालो, भाभी. तकलीफ होईल तिला."

"नाही होणार," मी म्हटलं.

त्यांनी कापूस परत ठेवला. फळीवर तीन जोड्या मांडल्या होत्या.

"बेस पाहिजे का सच पाहिजे?"

"सच."

"सोचके बोलो. सच ऐकून अर्धे लोक माल परत घेऊन येतात. मग मलाच बोलतात, जितेशभाई, आमचं गाणं बिघडवलं तुम्ही."

मी कुठेही एकच रेकॉर्डिंग वाजवून बघते. सान्वी पोटात असताना मोबाईलवर गायलेला पाळणा. त्यातला श्वास न् श्वास मला पाठ आहे. पहिल्या जोडीत माझा गळा गोधडीखालून यावा तसा आला. दुसरीत प्रत्येक 'स' टोचत होता. तिसरी जोडी करड्या रंगाची, एकाचा कोपरा उडालेला. तिच्यातून पाळण्याची पहिली ओळ आली आणि मी माझाच श्वास मानेवर यावा तशी दचकले.

सान्वी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. तिने ते सोडलं आणि मान वळवली.

स्पीकरकडे नाही. दोन्हींच्या मधोमध, जिथे फळीवर काहीच नव्हतं, तिथे.

"हेच द्या," मी म्हटलं.

"अरे, पहले सुनो तो. ही जोडी दोनदा परत आलेय. मी खोलून बघितली, सगळं बराबर. पण लोग बोलते हैं, बीच का आवाज टिकत नाही. सरकतो."

"कुठे सरकतो?"

"वो नहीं मालूम." ते हसले, पण अर्धवटच. "मी ही जोडी एकटा बसून कधी ऐकली नाही. दुसरी घ्या ना, त्याच भावात देतो."

"जितेशभाई, बांधा."

दोन मॉनिटर आणि आपलं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण करायचा असतो. मग दोन्हीकडून सारखाच येणारा आवाज बरोबर मधून येतोय असं वाटतं. गाणारा जणू समोर उभा आहे. तिथे कुणी नसतं. आपले दोन कान फसतात, एवढंच. मी टेप लावून मापं घेतली, सान्वीला मांडीवर घेऊन त्रिकोणाच्या टोकाला बसले आणि पाळणा लावला. भिंतीसमोर, टेबलाच्या काठाशी माझा आवाज उभा राहिला. सान्वी तिथेच बघत होती. तेव्हा आनंदात माझ्या लक्षात आलं नाही, की कान फसायला ते आधी चालावे लागतात.

रविवारी रोहित घरी होता. मी पाळणा लावला आणि सान्वी वळली.

"तू हात हलवलास," तो म्हणाला.

"मी तुझ्या शेजारी उभी आहे, रोहित."

"मग जमिनीतून हादरे जात असतील."

मी खालचे सूर सगळे कापले, सान्वीला दुहेरी गादीवर बसवलं, आवाज कुजबुजीएवढा केला. ती वळली. रोहितने बटण बंद करून तिच्या मागे टाळी वाजवली. काही नाही. परत लावलं. वळली. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला.

"बंद नको करूस," तो म्हणाला. "चालूच ठेव. दिवसभर ठेव."

"पण ती बघते कुठे?"

"तुझ्या आवाजाकडे. अजून कुठे बघणार?"

आवाज सरकायचा. टेबलापासून कपाटाकडे, कपाटापासून खिडकीशी. पडद्यावर दोन्ही बाजूंचे काटे सारखे. मी वायरी अदलाबदल केल्या. तरी आवाज त्याच बाजूला गेला. टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. तो पुन्हा पलंगाच्या उशाशी आला. आणि एक गोष्ट मी रोहितला सांगितली नाही. आधी सान्वी बघायची. मग आवाज तिथे जायचा.

मला फरक पडत नव्हता. माझी मुलगी काहीतरी ऐकत होती. फक्त एकच राहिलं होतं: नावाला ती वळत नव्हती. मी "सान्वी, सान्वी" असं रेकॉर्ड करून लावलं, ढिम्म. रोहितच्या आवाजात लावलं, तेच. मग जिथे जिथे कुणी तिचं नाव घेतलं असेल ती सगळी रेकॉर्डिंग शोधताना मला बारशाचा व्हिडिओ मिळाला.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्याकडे आत्या म्हणजे रोहितची बहीण संपदा, ती मस्कतला नर्स. तिची रजा ऐनवेळी रद्द झाली. सासूबाई रत्नागिरीहून आलेल्या. दिवस बदलायला त्या तयार नव्हत्या. पाळण्याशेजारी आत्याचा पाट मांडला होताच. संपदाला फोन लावून तो बाळाच्या कानाशी धरायचा ठरला. तिने नुसतं "हॅलो" म्हटलं आणि फोन कट झाला. तोवर बायकांनी हात उगारले होते. "आता मारायचं कुणाला?" कुणीतरी म्हणालं. "पाटालाच मारा," सासूबाई म्हणाल्या, आणि हसत हसत सगळ्यांनी रिकाम्या पाटावर धपाटे घातले. "झालं नाव," सासूबाई म्हणाल्या. पेढे वाटले.

सान्वीच्या कानात तिचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

मी ती क्लिप मॉनिटरवर लावली. हसणं, बांगड्या, "पाटालाच मारा." मग धपाटे. लाकडावर हात पडला की टकटक येते. हे मऊ होते. कापडाखाली पाठ असावी तसे.

त्यांच्या आड, अगदी मधोमध, कुणीतरी कुर्र केलं.

सान्वी खळखळून हसली.

आवाज सरकला नाही. पहिल्यांदाच तो एका जागी होता.

मी सासूबाईंना फोन केला.

"आई, बारशाला त्या पाटावर कोण बसलं होतं?"

"कोण बसतंय गो? रिकामा तर होता."

"तुम्ही धपाटा घातलात तेव्हा हाताला काय लागलं?"

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला.

"मऊ लागलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शेजारणीचा हात मध्ये आला." मग हलक्या आवाजात, "रोहितला नको सांगू. पोर हसते ना? मग झालं तर."

कुर्रच्या आधी एक शब्द होता. धपाट्यांत बुडालेला. मी बांगड्या काढल्या, बायकांचं हसणं काढलं, पंखा काढला. रोजचंच काम माझं. एकेक थर निघाला तशी खोली गार वाटू लागली. खाली भाजीवाला ओरडत होता, ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं.

शेवटी तेवढा एक शब्द राहिला.

नाव होतं. सान्वी नव्हे. ते मी इथे लिहीत नाही.

मी मॉनिटर बंद केले. वायरी काढल्या. सान्वी माझ्याकडे पाठ करून डब्याच्या झाकणाशी खेळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. ते नाव घेऊ की नको, असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

मी त्या नावाने हाक मारली.

ती वळली.

मी तिथेच खाली बसले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. पुन्हा हाक मारली. पुन्हा वळली. माझ्या आवाजाला, मॉनिटरशिवाय, माझी मुलगी वळली.

दिव्या मॅडमच्या यंत्रात रेघ परत सरळच आली. ती जागी झाल्यावर मी मागून हाक मारली, सान्वी वळली. मॅडमनी मला दाराबाहेरून हाक मारायला लावलं. वळली. मॅडम रेघेकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"हे कुठलं नाव घेता तुम्ही?"

"घरातलं," मी म्हटलं.

मॉनिटर जितेशभाईंना परत नेऊन दिले. त्यांनी माझ्याकडे न बघता जोडी आतल्या फळीवर ठेवली. मी पुन्हा हेडफोन लावून काम करते. चालतं. सान्वी आता दुपारी उठली तरी रडत नाही. मी वळून बघते तेव्हा ती पलंगावर बसून कुणाशी तरी बोलल्यासारखी हुंकारत असते.

हाक मारली की ती लगेच वळते. पण माझ्याकडे नाही बघत. माझ्या उजवीकडे बघते, जरा खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर. तिथे बघून हसते. मग, कधी कधी, माझ्याकडे.

जेवायला बसताना मी आता उजवीकडे थोडी जागा सोडते. सान्वी हसत राहते, पोटभर जेवते. रोहितला मी काहीच सांगितलेलं नाही. त्याला ते नाव लाडाचं वाटतं, तोही त्याच नावाने हाक मारतो.

परवा जेवताना तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. सरळ यायला वाट मोकळी होती. तो त्या जागेला वळसा घालून आला.