स्प्रूसची मुळं

सात रस्त्याच्या सिग्नलला त्याची बाईक माझ्या स्कूटीला येऊन धडकली आणि वर तो मलाच म्हणाला, "हळू... झाड आहे."

मी बघतच राहिले. पेट्रोलच्या टाकीवर, काळ्या पिशवीत, वीतभर उंचीचं, सुयांसारख्या पानांचं झाड.

"कुठलं हे?"

"स्प्रूस. देवदारासारखं, थंडीतलं. हिमाचलच्या नर्सरीतून मागवलंय. बोन्साय करणार."

"सोलापुरात? उन्हाळ्यात आम्हीच कसेबसे जगतो की."

"सावली मिळाली तर जगेल." तो हसला. "माझी खोली पत्र्याची आहे. तुमच्याकडे आहे सावली?"

अनोळखी मुलीला असं कोण विचारतं? आणि ऑफिसात कुणाला पेनसुद्धा न देणारी मी, दानेश्वरी, चक्क "आहे की" म्हणाले, वर पत्ताही दिला. धक्का मलाच बसला.

रविवारी तो आमच्या परसात हजर. नाव अनिमेष, नोकरी बँकेत. उथळ कुंडी, जाड वाळू, तार, सगळं घेऊन आला होता. "मुळांची अर्धीच माती काढायची, अर्धी जुनी ठेवायची," असं तो सांगत होता तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत गल्लीत गेला.

आई डोकावली. मुळांत पांढरं जाळं होतं.

"अय्यो, बुरशी लागली की गं. धू आधी."

आमच्याकडे बेलाचं पानही धुतल्याशिवाय देवाला चढत नाही. मी नळाखाली मुळं लख्ख केली.

तो परत आला आणि जागीच थिजला. "तुम्ही... धुतलीत?"

"बुरशी होती."

"ती बुरशीच त्याला पाणी पुरवते, दानेश्वरी."

पहिल्यांदा नाव घेतलं, तेही अशा वेळी.

तरी त्याने झाड लावलं, तारेने खोड कुंडीला बांधलं. "ऊन नको, वारा नको, खत तर नकोच. सकाळी फवारा मारायचा... मी येत जाईन."

मी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातले रिजेक्ट टॉवेल आणले, ओले करून झाडाभोवती टांगले. तो रोज बँकेआधी यायचा. फवारा मारायचा, चहा प्यायचा, माझ्या ओल्या केसांकडे बघायचा आणि पटकन झाडाकडे वळायचा.

"आज खूश दिसतंय."

"कोण, झाड?"

"...झाडच."

झाड हिरवंगार होतं. मला एकच भीती — ते गेलं, तर हा कशाला येईल?

आणि एके सकाळी माझा हात लागला, तशी सगळी पानं झरझर गळली. मला रडूच फुटलं.

"मी मारलं. कालपर्यंत तर चांगलं होतं..."

"नव्हतं." त्याने नजर चुकवली. "ते दुसऱ्याच आठवड्यात गेलं. मी साल खरवडून बघितली होती, आत तपकिरी. स्प्रूस मेल्यावरही बरेच दिवस हिरवं दिसतं."

माझं रडणं तिथेच थांबलं. "म्हणजे तुम्ही रोज... मेलेल्या झाडावर पाणी मारत होता?"

"हो."

"आणि मी टॉवेल भिजवत होते. सांगितलं का नाही?"

"मग यायला कारण काय उरलं असतं?" तो अडखळला. "आता नाहीच उरलं, म्हणून सांगतो... तुम्ही मला आवडता. लई."

इतका राग आला, इतका आनंद झाला, की मी ओला टॉवेल ओढून त्याच्या अंगावर फेकला. तो निथळत उभा राहिला, हलला नाही.

"उद्या पण या," मी म्हणाले. "आणि आईने विचारलं कशाला आलात, तर खरं सांगायचं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण मान हलली... हो म्हणून.