विश्वंभर म्हणे

मिरजेतल्या मारुतीच्या देवळात विश्वंभरबुवा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या उजव्या कानामागे तुळशीच्या मण्याएवढा एक दिवा चिकटवलेला होता. लोकांना वाटलं, नव्या तऱ्हेचा माईक असेल. पेटीवर बसलेल्या ऋजुताला, त्यांच्या मुलीला, मात्र त्या दिव्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं.

त्याचं नाव साक्षदीप. माणूस खरोखर घडलेलं आठवून बोलू लागला, की मेंदूच्या पोटातल्या आठवणी सांभाळणाऱ्या गाठी जाग्या होतात; दिवा हिरवा होतो. घोकून पाठ केलेलं म्हटलं, तरी हिरवाच. त्या गाठी गप्प राहिल्या आणि मेंदूनं आपली आपणच गोष्ट रचली, की नारिंगी.

"म्हणजे चित्रगुप्तच बसवलात की कानामागे," दुपारी दिवा चिकटवून घेताना बुवा हसले होते.

"हा खोटं पकडत नाही, बुवा," डॉ. नसरीन मुजावर म्हणाल्या होत्या. "खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं."

डॉक्टरांना बोलावलं होतं ऋजुतानंच. गेल्या एकादशीला बुवांनी एका कीर्तनात एकच आख्यान दोनदा लावलं. लोक म्हणाले, तल्लीन झाले बुवा. तिनं मात्र दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला होता.

पूर्वरंग सगळा हिरवा गेला. लहानपणी वडिलांनी घोटून घेतलेले श्लोक, ओव्या, एक अक्षर हललं नाही. मध्यंतरात बुवांना बुक्का लागला, हार पडला. ऋजुतानं श्वास सोडला.

उत्तररंगात बुवा नेहमीप्रमाणे स्वतःच्या गोष्टीवर आले. तीच ऐकवायला बायका आपल्या पिणाऱ्या नवऱ्यांना धरून आणत.

"बारा वर्षं झाली, मंडळी. अक्षय्य तृतीया. या लेकीचं बोट धरून कृष्णेच्या घाटावर गेलो आणि बाटली पाण्यात सोडली. त्या दिवसापासून थेंब नाही."

दिवा नारिंगी झाला.

पुढच्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याला कोपर मारलं, "ऐका जरा." ऋजुताचा सूर चुकला. बाटली पाण्यात पडल्याचा आवाज तिलाही आठवत होता. का नुसता ऐकून ऐकून आठवत होता?

आरती झाली, देऊळ रिकामं झालं. डॉक्टर बुवांच्या समोर सतरंजीवर बसल्या.

"बुवा, काल संध्याकाळी कुठं होता?"

"घाटावर. रोज असतो. ही शिकवण्यांना जाते, मी एकतारी घेऊन नामस्मरणाला बसतो."

नारिंगी.

ऋजुता उठली. खांबाला टेकवलेल्या एकतारीची गवसणी तिनं सोडली. तार केव्हाचीच तुटून गंजली होती. तळाशी, वास मारायच्या लवंगांच्या पुडीशेजारी, दारूची अर्धी रिकामी चपटी बाटली.

बुवांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "कुणी ठेवली गं ही? देवाच्या वस्तूत?"

त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं दुःख होतं. त्याचीच ऋजुताला भीती वाटली.

"वर्षानुवर्षं दारू पोटात गेली, की अन्नातलं बी-वन जीवनसत्त्व अंगी लागत नाही," डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आठवणींच्या त्या गाठी त्यावाचून सुकतात. आठवणीत भोकं पडतात आणि उरलेला मेंदू ती गोष्टींनी बुजवतो. तुझ्या वडिलांचा तर गोष्टी सांगण्यातच जन्म गेला. कुणाला कळणार?"

"आता?"

"उद्यापासून इंजेक्शनं. आणि दारू बंद, पण एकदम नाही, दवाखान्यात, आमच्या देखरेखीखाली. उरलंय ते वाचेल. पण पुन्हा प्यायले, तर तुलाही ओळखणार नाहीत."

"मग सोडतील ते. मी सांगते ना."

"कसे सोडतील? त्यांच्या मते त्यांनी बारा वर्षांपूर्वीच सोडलीय."

ऋजुतानं मारुतीकडे पाहिलं. "पाठ केलेलं टिकतं ना पण? आज सगळं हिरवं होतं."

"घोकून, गाऊन बसवलेलं दुसऱ्या वाटेनं आत जातं. ती वाट बरीच शाबूत आहे. नवीन बसेल का, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सलाईन चालू असताना ऋजुतानं पेटी मांडीवर घेतली आणि बुवांना आपलं पिणं विसरता येऊ नये म्हणून स्वतः रचलेला अभंग त्यांना सांगायला घेतला. ती एक ओळ म्हणे, मागून बुवा. असा पंधरवडा गेला. सोळाव्या दिवशी तिनं नुसता सूर धरला आणि बुवांनी डोळे मिटून आपणहून उचललं:

काल प्यालो, नाही स्मरे। आज वाटे मी सुटलो।
विश्वंभर म्हणे देवा। धर हात मी बुडालो॥

काय आवाज लागला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. दारातल्या डॉक्टरांनी बुवांच्या कानामागे पाहिलं. हिरवा.

ऋजुताला रडू आवरेना. "अण्णा, पाठ झालं तुम्हाला."

"झालं गं. गोड रचना आहे." बुवांनी डोळे पुसले. "माझ्याच नावाचा होता की कुणी. फार भोगलेलं दिसतंय बिचाऱ्यानं."

ऋजुतानं पेटीचा भाता मिटला.

"ऋजा, पुढचं कडवं नाही का याला?" बुवांनी विचारलं. "देवानं धरला का गं त्याचा हात?"