विहिरीवरचे चौघे

डिसेंबर १९७१. राजस्थानच्या सीमेवर, वाळवंटात अडकलेल्या तुकडीचं पाणी संपलं होतं. नकाशातली एक विहीर शोधायला हवालदार निवृत्ती आणि शिपाई भिकन निघाले. निवृत्ती सायखेड्याचा, गोदेच्या पाण्यात पोहत वाढलेला. भिकन पेठच्या डोंगरातला. भर दुपारी धुळीचं वादळ उठलं. ते शमल्यावर बरंच चालून दोघं एका गावाशी पोहोचले.

गावात चिटपाखरू नव्हतं. दारं सताड उघडी, जात्याभोवती पीठ तसंच सांडलेलं. वारा पडला होता, तरी कुठूनतरी संथ आवाज येत होता. कुर्र... कुर्र...

"दादा, हितं कोन हाय?" भिकन पुटपुटला.

ते भिंतीआडून वळले. विहीर! रहाटाचा दोर दोन्ही हातांनी धरून, कठड्याला पाय रोवून एक पाकिस्तानी शिपाई उभा होता. बंदूक लांब पडलेली. भिकनने नेम धरला. त्या शिपायाने ते पाहिलं, पण दोर सोडला नाही. हातांतून रक्त ठिबकत होतं.

"नीचे मेरा साथी है," तो कसाबसा म्हणाला.

दोर सरकला. आतून किंकाळी घुमली!

"भिकन, बंदूक ठेव! धर दोर!"

तिघांनी ओढलं. तळवे सोलले. अखेर एक चेहरा वर आला, चुन्यासारखा पांढरा.

"पानी मत पीना," तो थरथरत म्हणाला. "नीचे मुर्दे हैं. बहुत सारे."

निवृत्तीने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुढे केलं. एकेक घोट चौघांनी घेतला.

"किधर से आए?" दोर धरणाऱ्या शिपायाने विचारलं. निवृत्तीने वाळूतली आपली पावलं दाखवली.

"वहाँ तो सुरंगें हैं! हमने बिछाई हैं!"

निवृत्तीने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"खोटं बोलत असंल," भिकन कुजबुजला.

तो शिपाई स्वतःच पुढे निघाला. डावीकडे चार पावलं, मग वळण, मग सरळ. त्याच्या पावलावर पाऊल ठेवत दोघं पार झाले.

"जाओ," तो म्हणाला. "सूरज ढलते ही तोपें चलेंगी." आणि मागे न बघता परतला.

सांजेला तोफा खरंच धडाडल्या. खंदकात सुरुंगांची खबर ऐकून सुभेदारसाहेबांनी विचारलं, "सुरुंगांतून वाट कशी सापडली?"

"ज्यांनी पेरले, त्यांनीच दाखवली, साहेब," निवृत्ती म्हणाला.

सुभेदारसाहेबांनी वहीत एवढंच लिहिलं: 'विहीर निकामी.'