बिनगळाची मासेमारी

पुढे ज्याच्या प्रेमात पडायचं होतं त्या माणसाला उल्का पहिल्यांदा भेटली, तेव्हा तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि अर्धी जीभ बधिर होती. त्यामुळे पहिल्याच भेटीत ती काही वेड्यासारखं बोलली, असा आरोप तिच्यावर कुणाला करता येणार नाही. तिनं प्रयत्न मात्र केला.

बनशंकरीतला दातांचा दवाखाना. बाहेर बंगळूरचा नेहमीचा पाऊस… छत्री उघडली तर लाज वाटते, नाही उघडली तर कपडे भिजतात. डॉक्टर कार्तिक तिच्या दाढेत डोकावून हळू आवाजात म्हणत होता, "स्वल्प उघडा… अजून स्वल्प…" त्याच्या भुवया फार गंभीर होत्या. एवढ्या जवळून कुणा पुरुषाच्या भुवया बघायची उल्काला सवय नव्हती, म्हणून तिनं नजर वळवली, आणि ती बाजूच्या ट्रेवर जाऊन पडली. चिमटे, आरसे, आणि त्यांच्या शेजारी एक छोटासा शिकंजा. शिकंज्यात दात सरळ करायच्या तारेचा तुकडा, आणि त्यावर पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली एक माशी. अर्धवटच होती. पंख एकच.

उल्का ताडकन उठून बसली. "ए आय आए?"

"पडून राहा. माशी आहे ती. खोटी. ट्राउट नावाच्या माशाला फसवायची." दातांच्या डॉक्टरांना व्यंजनं लागत नाहीत, नुसत्या स्वरांवर त्यांचं भागतं.

उल्कानं घशातून आणखी काहीतरी विचारलं.

"थ्री एक्स नव्हे. एवढ्या बारीक माशीला फाइव्ह एक्सचा टिपेट…" त्याचा हात थांबला. "तुम्हाला टिपेट कसा माहीत?"

तिला टिपेट माहीत नव्हता, हीच तर सगळी गोची होती.

वर्ष अठ्ठ्याण्णव. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक गोंधळणार आणि विमानं खाली पडणार, अशी हवा होती, म्हणून अमेरिकेनं आपले जुने प्रोग्रॅम बंगळूरला धुवायला टाकले होते. नागपूरहून नव्यानं आलेल्या उल्काच्या वाट्याला मिनेसोटाची एक कंपनी आली. ही कंपनी टपालानं फ्लाय फिशिंगचं सामान विकायची: रॉड, रीळ, दोऱ्या आणि शेकडो जातींच्या खोट्या माश्या. तारखा दुरुस्त करता करता उल्काला त्यात एक चूक दिसली. रॉडचा आकडा मोठा, तर रॉड दणकट. दोरीचा आकडा मोठा, तर दोरी जड. फक्त टिपेट नावाच्या कशाचा तरी आकडा वाढला की जाडी कमी होत होती. उल्कानं ते सरळ करून टाकलं. तिला अन्याय बघवत नाही.

तिचा मॅनेजर ध्रुव मुंबईचा. त्यानं 'प्रोअॅक्टिव्ह' म्हणून शाबासकी दिली. मग तक्रारी यायला लागल्या. टिपेट म्हणजे माशीच्या आधीचा शेवटचा, माशाला न दिसणारा दोरा, आणि त्यात मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा, हे मिनेसोटात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांनी केसाहून बारीक दोरा मागवला, त्यांना म्हैस बांधता येईल असा मिळाला. एका आजोबांनी त्यावर कपडे वाळत घातल्याचा फोटो पाठवला.

आता कंपनीचा मालक स्वतःच येत होता. त्याला शांत करायला ध्रुवनं फॅक्स पाठवला, की आमच्या टीममध्ये सगळे हाडाचे मासेमार आहेत, उल्का तर जन्मापासून. आलात की रविवारी तिच्यासोबत मासे धरायला चला. उल्कानं आजवर फुटाळा तलावावर कणीस खाल्लं होतं. पाण्याशी तिचा संबंध तेवढाच.

त्यात ती प्रोबेशनवर. बाबांशी ठरलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर बंगळूर, नाही तर नागपूरला परत आणि आत्यानं बघून ठेवलेला संत्र्यांच्या बागांचा मुलगा. संत्र्यांबद्दल उल्काच्या मनात काही नव्हतं. मुलाबद्दलही काही नव्हतं, ही अडचण.

बोळे निघाल्यावर तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. कार्तिकनं ऐकून घेतलं आणि शिकवायला तयार झाला. फक्त आधी सांगितलेलं बरं म्हणून त्यानं सांगितलं, की त्यानं स्वतः आजवर एकही मासा धरलेला नाही.

झालं होतं असं, की चिकमगळूरच्या एका म्हाताऱ्या कॉफीवाल्यानं कवळीच्या बदल्यात त्याला आपला रॉड दिला. कार्तिकचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी साताऱ्याकडून येऊन इथं मुरलेलं, आणि कडक शाकाहारी. वडील बिंदुमाधवराव, म्हणजे घरातले अण्णा, बँकेतून निवृत्त. त्यांनी रात्रभर विचार करून निकाल दिला: रॉड चालेल, गळ चालणार नाही. तेव्हापासून कार्तिक गच्चीवर, दोरीच्या टोकाला लाल लोकर बांधून, बिनगळाची मासेमारी करत होता.

"मग मासा?" उल्कानं विचारलं.

"फेकणं आपलं काम. मासा हा त्याचा त्याचा प्रश्न."

"इतकी वर्षं तुम्ही गच्चीवर करून काय राहिले मग?"

कार्तिकनं थोडा विचार केला. "स्टाइल," तो म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळपासून धडे सुरू झाले. गच्चीच्या एका टोकाला पाणी भरलेली परात, म्हणजे तळं. परातीशेजारी खुर्ची टाकून बिंदुमाधवराव पेपर वाचत बसायचे. तरुण मुलगी आणि मुलगा गच्चीवर एकटे नकोत म्हणून. पण तसं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून पेपर.

कार्तिकनं समजावलं, की दगड फेकताना वजन दगडात असतं, पण इथं माशी म्हणजे पिसाचा तुकडा, तिला कसलं वजन? वजन आहे ते दोरीला. रॉड कानापर्यंत मागं न्यायचा आणि थांबायचं. दोरी पाठीमागं हवेत पुरती पसरली, की मगच पुढं. नवशिके सगळे इथंच फसतात, त्यांना थांबवत नाही.

उल्काला थांबवत नव्हतं. पहिल्यांदा लोकर पाण्याच्या टाकीला गुंडाळली गेली. मग शेजारच्या गच्चीवरचा पंचा घेऊन आली. मग बिंदुमाधवरावांच्या फिल्टर कॉफीत पडली. त्यांनी लोकर बाहेर काढली, पिळली, कॉफी प्यायली आणि पान उलटलं.

"मनगट मोडतंय तुमचं," कार्तिक म्हणाला. "ते सरळ राहिलं पाहिजे." त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तिचं मनगट रॉडच्या मुठीला बांधायला घेतलं. रुमालाला लवंगेच्या तेलाचा वास होता. गाठ साधी होती, पण बसता बसेना… एकदा सुटली, पुन्हा घातली, पुन्हा तपासली.

"किती आवळून राहिले?"

"सैल राहिलं तर पळतं मनगट."

"पळून कुठं जाईल? माझ्याच हाताला आहे नं ते."

"तुमचा हात तर दिवाळीला नागपूरला जायचाय…" एवढं बोलून कार्तिक एकदम आभाळाकडे बघायला लागला, जणू तिथं काही दुरुस्तीचं काम निघालं होतं. उल्काही आभाळाकडे बघायला लागली. भुरभुर सुरू झाली होती. तिच्या पापणीवर एक थेंब थांबला, आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता… त्यानं पुसला.

पेपरमागून आवाज आला, "कार्तिक, परातीतलं पाणी बदल."

रविवारी सगळे देवनहळ्ळीच्या पुढे, आप्पाजींच्या शेतातल्या तळ्यावर गेले. आप्पाजी कार्तिकचे पेशंट. मिनेसोटाचा मालक प्रचंड उंच होता, आणि त्याच्या जाकिटाला इतके खिसे होते की एखादी वस्तू शोधायला त्याला सुट्टी काढावी लागत असेल. बिंदुमाधवराव बिसिबेळेभाताचा डबा घेऊन जातीनं आले होते. त्यांनी मालकाला खणखणीत इंग्रजीत सांगितलं, की गळ चालणार नाही. मालकाला वाटलं ही हिंदुस्थानातली कुठलीतरी फार वरच्या पायरीची साधना असावी. त्यानं मान लववून आपला गळ कापून टाकला.

मग त्यानं टिपेट मागितला. उल्कानं न चुकता फाइव्ह एक्स काढून दिला. मालक तिच्याकडे बघत राहिला. एवढं कळतं, तर मग आमचे आकडे उलटे कुणी केले, असं त्यानं विचारलं.

ध्रुव घसा खाकरून पुढे झाला. तो खापर कॉम्प्युटरवर फोडणार होता, हे उल्काला ठाऊक होतं. एक मूग गिळला की नोकरी वाचत होती.

"मी केले," उल्का म्हणाली. आणि मग राहिलेलंही सांगून टाकलं: ती चूक आहे असं वाटलं, टिपेट कधी पाहिला नव्हता, मासाही धरलेला नाही, फॅक्समधलं एक अक्षर खरं नाही.

ध्रुवच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा ध्रुव निघून गेला. आता घालवायला काही उरलं नव्हतं, म्हणून उल्का पाण्याकडे वळली. रॉड मागं नेला. थांबली. दोरी पाठीमागं लांब, निवांत पसरू दिली… आणि पुढं. कुणी कपाळावर अलगद टिकली लावावी, तशी लाल लोकर पाण्यावर टेकली.

पाणी फुटलं.

मरळ होती, हातभर लांब. लोकर तिनं अशी काही धरली होती की बारीक बारीक दातांत तिचे धागे पार गुंतून गेले. गळ नव्हता तरी सुटता येत नव्हतं. मालक चिखलात गुडघाभर उतरून नाचायला लागला. कार्तिक बुटांसकट पाण्यात शिरला, हात ओले करून त्यानं मरळ पाण्यातच धरली, आणि पांढराफटक पडला. त्याच्या आयुष्यातला पहिला मासा, आणि पेशंट.

"जबडा धरा," तो उल्काला म्हणाला. शर्टाच्या खिशातून चिमटा निघाला. मग सवयीनं, माशाला, "स्वल्प उघडा…"

दोघं कमरेत वाकून, डोक्याला डोकं लावून, माशाच्या तोंडात बघत राहिले. एकेक धागा निघायला लागला.

"संपलं," उल्का म्हणाली. "उद्या राजीनामा. मग नागपूर."

"हलू नका."

"मी कुठं? मासा हलून राहिला."

"दोघंही हलू नका… आणि नागपूरला जाऊ नका."

"काऊन?"

कार्तिकनं एक धागा ओढून काढला. "अण्णा आता संध्याकाळी एक कप कॉफी जास्त करतात. लोकर पडायला. तुम्ही गेलात तर तो कप… मला नीट बोलता येत नाही. समोरच्याचं तोंड मोकळं असलं की मला सुचतच नाही."

"माझं मिटलेलं आहे. बोला."

तो माशाकडे बघत म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता." मग घाईघाईनं, "मासा नव्हे. तुम्ही."

उल्कानं जबडा सोडला नाही. "आधी हिला सोडा," ती म्हणाली. "हिच्यासमोर मी उत्तर देणार नाही."

शेवटचा धागा निघाला. मरळ क्षणभर तिथंच तरंगली, ऐकल्याशिवाय जावं की न जावं असा विचार करत असावी. मग शेपटी मारून गेली.

काठावर बिंदुमाधवराव उभे होते. गळ नव्हता याची त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "मग ती आपणहून आली," त्यांनी निर्णय दिला, आणि भाताचं पहिलं पान उल्काला वाढलं.

भात खाता खाता मालक बोलता झाला. तीस वर्षांत प्रत्येक नवशिक्यानं त्याला विचारलं होतं, की हे आकडे उलटे का. सरळ करायची हिंमत मात्र आजवर एकीनंच केली. आकडे अर्थात पुन्हा उलटे करावे लागतील. पण प्रोजेक्ट इथंच राहील, आणि कॅटलॉगमध्ये नवशिक्यांसाठी जे पान असतं ते उल्कानं लिहावं, कारण काहीच माहीत नसणं तिच्याइतकं नीट कुणालाच माहीत नाही. ध्रुव म्हणाला, आपला प्लॅन पहिल्यापासून हाच होता.

संध्याकाळी देवनहळ्ळीच्या एसटीडी बूथमधून उल्कानं नागपूरला फोन लावला. नोकरी पक्की झाली, आणि संत्रेवाल्यांना नाही कळवून टाका, असं बाबांना सांगितलं. बाबांनी आधी मीटर किती झालाय ते विचारलं.

"मुलगा काय करतो?" मग त्यांनी विचारलं.

"दातांचा डॉक्टर आहे."

"चालतो का दवाखाना?"

काचेबाहेर कार्तिक गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला, कानाला शेवाळ लागलेलं, एसटीडीच्या दरांचा फलक अत्यंत मन लावून वाचत उभा होता.

"चालतो नं. आज रविवार, तरी एक पेशंट बघितला. फी पण नाही घेतली."

"मग माणूस बरा दिसतो," बाबा म्हणाले. "मासे वगैरे खातो का?"

"नाही, बाबा. नुसते दात बघतो."

तिनं फोन ठेवला, दार उघडलं आणि सांगितलं, की दिवाळीला चार दिवस नागपूरला जायचं आहे… दोघांनी. कार्तिक म्हणाला, "सरी, चालेल." आणि हसला. आजवर तो तिच्यासमोर ओठ मिटूनच हसला होता; आज विसरला. त्याचा पुढचा एक दात चक्क वाकडा होता. डॉक्टर असून.

उल्का त्या दाताकडे बघत राहिली. हा मात्र सरळ करायचा नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.