फांदी घाटात टाकायची नाही

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्हा खेड्यांतल्या मास्तरांची भिंगारला सभा भरायची. हजेरीपट दाखवायचे, खडूच्या पेट्या घ्यायच्या, दुपारी डाळभात खायचा आणि सायकलीवर टांग मारून परत निघायचं. माझी शाळा अठरा मैलांवर. त्यातले बारातेरा मैल नुसतं चढउताराचं माळरान आणि मग एकदम घाट. घाट मोठा नव्हता, सहाच वळणांचा. पण उतार असा की गाडीवानसुद्धा खाली उतरून, बैलांना गोंजारत गाडी उतरवायचे.

साल त्रेचाळीस. लढाई चालू होती आणि रबर कुठेच मिळत नव्हतं. आमच्या सायकलींच्या ब्रेकचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं. म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. घाटमाथ्यावर कडुलिंबाची झाडं होती. तिथं एक भरदार फांदी तोडायची, कापडाच्या लांब पट्टीनं कॅरिअरला बांधायची आणि मागं फरफटत न्यायची. सायकल आपोआप हळू व्हायची. मागं खर्र… खर्र… आवाज, धुळीचा लोट आणि चिरडलेल्या पाल्याचा कडू वास. तो वास आजही आला की माझ्या हातातला घास हातातच राहतो.

घाट उतरला की पहिलंच घर आमोस मास्तराचं. फांदी तिथं सोडून अंगणात टाकायची. त्याची बायको हन्ना ती वाळवून चुलीला घालायची. फांदी घाटात टाकायची नाही, हा नियम आमोसनंच घालून दिला होता. मागून येणाऱ्याच्या चाकाखाली आली तर माणूस सरळ दरीत, एवढं साधं कारण.

आमोस असाच होता. कुणी असो नसो, प्रत्येक वळणावर घंटी दोनदा वाजवणार. डावखुरा होता, त्यामुळे त्याची गाठही उलटी बसायची आणि आमच्यापैकी कुणालाच ती सुटायची नाही. आम्ही त्याला चिडवायचो, तो हसायचा. माझ्याहून भला माणूस होता. हे मी तेव्हा मान्य केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

त्या शनिवारी भिंगारच्या शाळेचा हेडमास्तर कोण, ते जाहीर व्हायचं होतं. ती जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो. गावभर सांगूनही बसलो होतो. नवा कोट शिवून घेतला होता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी गत. नाव निघालं आमोसचं.

परतीच्या वाटेवर तो माझी समजूत काढत होता.

“यशया, मला मिळाली काय न् तुला मिळाली काय, एकच हाय. पुढच्या साली तुझंच नाव लागंल बघ.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माथ्यावर पोचल्यावर मी घाईघाईनं फांदी तोडली, मरियाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या निळ्या काठाची पट्टी काढली, गाठ मारली आणि त्याची वाट न बघता निघालो.

दिवस बुडायला आला होता. मागून धूळ उडून नव्या कोटावर बसत होती. तिसरं वळण ओलांडल्यावर जरा सपाटी लागते. तिथं मी पाय टेकला, मागं हात घालून पट्टीचं टोक ओढलं. फांदी सुटली. वळणाच्या ऐन तोंडाशी, रस्त्यात आडवी पडली.

दहा पावलं मागं जायचं होतं. फक्त दहा. फांदी उचलून कडेला टाकायची होती. मी वळून तिच्याकडे पाहिलं. मला नियम आठवला, मागून कोण येतंय तेही आठवलं. आणि मनात आलं, पडू दे की जरा. हेडमास्तरांचेही कपडे मळू देत.

एवढंच मनात आलं होतं. मरावा असं आलं नव्हतं. पण हे मी कुणाला पटवून देऊ?

उरलेला घाट पाय घासत उतरलो आणि हन्नाच्या अंगणात पाणी प्यायला थांबलो. ती आत दोन ताटं मांडत होती. आमोसचा तांब्या ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला ठेवायची. एवढ्यात वरून घंटी ऐकू आली. दोनदा.

“आलेच की,” हन्ना म्हणाली. “घंटी वाजली.”

जरा वेळानं पुन्हा दोनदा. मग पुन्हा. चालत्या सायकलीची घंटी जवळ जवळ येते. ही येत नव्हती. एकाच जागेवरून वाजत होती, आणि रस्त्याच्या बाजूनं नव्हे, खालून, दरीतून.

मला कळलं. तिथं उभ्या उभ्या, हातात तांब्या असताना कळलं.

“हो… आलाच,” मी म्हणालो. आणि सायकलीवर बसून तीन मैलांवरच्या माझ्या घरी गेलो. जेवलो.

सकाळी मेंढरं वळणाऱ्या सूर्यभानला तो सापडला. “रातभर घंटी वाजत हुती, मास्तर,” तो मला सांगत होता. “मला वाटलं कुनाची गाय चुकली. पहाटं बंद झाली.” हन्ना रात्रभर दिवा घेऊन घाटाच्या रस्त्यावर शोधत होती, पण अंधारात दरीचा तळ तिला दिसला नव्हता. मोडलेल्या सायकलीखाली आमोस पडला होता आणि त्याचा डावा हात घंटीवर होता. सगळे दरीत उतरत असताना मी तेवढ्यात वळणावर पोचलो, फांदी दरीत ढकलली, पट्टी खिशात घातली. घरी येऊन ती पट्टी मी चुलीत जाळली. राख होईपर्यंत समोर बसून होतो. ब्रेकनं दगा दिला, असं लोक म्हणाले. मी मान हलवली. मातीच्या वेळी प्रार्थनाही मीच केली. भिंगारची जागा पुढं मला मिळाली नाही, तेवढी लाज देवानं राखली.

पुढच्या महिन्यात सभेहून परतताना मी फांदी बांधलीच नाही. सायकल हातात धरून पायी उतरत होतो. संध्याकाळची वेळ, वारा पडलेला. तिसरं वळण ओलांडलं आणि मागून आवाज आला.

खर्र… खर्र…

मी थांबलो. आवाज थांबला. मागं रस्ता मोकळा होता, धूळसुद्धा उडालेली नव्हती. मी चालू लागलो, आवाज सुरू झाला. आणि पाल्याचा तो कडू वास, ताजा, आत्ताच चिरडल्यासारखा. चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला बजावत मी पुढं होत राहिलो. आवाज माझ्या मागोमाग घाट उतरला आणि हन्नाच्या कुंपणाशी येऊन बंद झाला. मी मान खाली घालून तसाच पुढं निघून गेलो.

असे सात महिने गेले. दर वेळी तेच वळण, तोच आवाज, तेच कुंपण. हन्नाच्या दारात मी एकदाही थांबलो नाही. आठव्या महिन्यात ती कुंपणाशीच उभी होती.

“भावजी, आत या की. किती दिस झालं, पानीसुदीक घेत न्हाई तुमी.”

मी ओसरीवर टेकलो. ती दाराशी बसली.

“तुमचे लई उपकार हायत,” ती म्हणाली. “ह्यांच्या मागं कुनी फांदी टाकंल असं वाटलं नव्हतं. पर दर सभंच्या शनवारी अंगणात फांदी असती. तुमीच टाकून जाता न्हवं?”

 मी काही बोलायच्या आत तिनं कनवटीचं गाठोडं सोडून पुढं धरलं. आत पट्ट्या होत्या. निळ्या काठाच्या, सात. सातही पट्ट्यांना माझ्या हातची गाठ.

“मरियाबाईंचं लुगडं वळखलं मी,” ती हसून म्हणाली. “काठ संपून जाईल की वो त्यांचा.”

ती पट्टी एकच होती. ती मी जाळली होती. हे सांगायची हीच वेळ होती. ती समोर बसलेली, डोळ्यांत माया. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, “असू द्या वहिनी. तेवढं तर करायलाच हवं.”

घंटी ऐकून घरी जाऊन जेवलो, त्याची मला लाज वाटते. पण त्या वाक्याची त्याहून जास्त वाटते. भीतीपोटी माणूस गप्प बसतो, ते समजून घेता येतं. मी तर तिचा आशीर्वाद चोरला.

खोटं बोललो ते निदान खरं करावं, म्हणून पुढच्या शनिवारी मी माथ्यावर स्वतः फांदी तोडली. नवी पांढरी पट्टी घेतली, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मागं खर्र खर्र वाजत होतं, पण या वेळी फांदी खरोखरच होती. त्या आवाजानं मला जवळजवळ हायसं वाटलं. तिसऱ्या वळणावर वळून पाहिलं नाही.

हन्नाच्या अंगणात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कॅरिअरची गाठ सोडायला हात घातला. सुटेना. नखं घातली, तरी सुटेना. हन्ना दिवा घेऊन आली आणि वाकली.

तिनं गाठीवर बोट ठेवलं. एक टोक डावीकडून ओढलं. गाठ अलगद सुटली.

सुटलेली पट्टी तिनं दिव्यासमोर धरली.

“ही… ह्यांची गाठ हाय.”

वरून, घाटातून, घंटी वाजली. दोनदा.

मी हन्नाकडे पाहिलं. तिनंही ऐकली होती. तिचा चेहरा मात्र बदलला नाही. त्या संध्याकाळी मी तांब्या घेऊन उभा होतो, त्याच अंगणात आम्ही उभे होतो. तिनं तेच शब्द म्हटले, अगदी हळू.

“आलेच की. घंटी वाजली.”

आणि मी काय म्हणतो, याची वाट बघत राहिली.

“वहिनी,” मी म्हणालो. माझा आवाज माझा वाटत नव्हता. “ती फांदी… त्या दिवशीची… माझी होती. मी टाकली. घंटीही मी ऐकली होती. दरीतून येतेय ते मला कळलं होतं…”

ती रडली नाही, ओरडली नाही. दिवा तिनं दुसऱ्या हातात घेतला.

“मला ठावं हाय, भावजी. पहिल्याच फांदीला कळलं.”

“मग उपकार… उपकार का म्हणालात?”

“म्हटलं, आता तरी सांगाल.” ती आत वळली. “तुमी कवा सांगता, त्याची वाट बघत हुतो आमी. दोघं.”

दार उघडं होतं. दिव्याच्या उजेडात आत तीन ताटं मांडलेली दिसत होती. मधल्या ताटाचा तांब्या डाव्या हाताला ठेवलेला होता आणि त्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

“हात धुवा,” हन्ना म्हणाली. “भाकरी निवती.”