आगटीआधीची गाठ

पळसाच्या पानावर गरम हुरडा वाढता वाढता रूपालीच्या बोटांना एक अर्धवट जळालेला लाल लोकरीचा दोरा लागला. आगटीभोवती सतरंजीवर धुळ्याचे पाहुणे बसले होते. वच्छलाबाई आपल्या मुलाला, पियुषला, शेंगदाण्याच्या चटणीचा आग्रह करत होत्या, भाऊ प्रेमराज निखाऱ्यातून कणसं ओढून पोत्यावर चोळत होता, आणि आबा... तिचे आबा कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून, मान खाली घालून, कणसं कापायचा इळा मांडीवर घेऊन बसले होते. तो लाल दोरा तिने स्वतःच्या हाताने बांधला होता, पिंपळनेरच्या झुंबरबाईने दिलेल्या बियाण्याच्या कणसाला.

कडुलिंबापलीकडे बटर पेपरच्या पिशव्यांचा ढीग पडलेला होता. तो पाहिला आणि तिला सगळं एकदम कळलं. आदल्या दिवशी प्रेमराजचा फोन आला होता, 'पाखरं पिशव्या फाडी ऱ्हायनात, लवकर ये.' ती जळगावहून पहाटेच्या एसटीने, पोटात अन्नाचा कण न घेता, धावत आली होती... आणि इथे तर तिला बघायला पाहुणे आले होते! तिच्याच संशोधनाचं आमिष दाखवून तिला बोलावलं होतं, आणि तेच संशोधन भाजून पाहुण्यांपुढे ठेवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

रूपाली जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला होती. नव्या पद्धतीत तीन वर्षं झाली की पदवी घेऊन घरी जाता येतं. पण ज्यांचे गुण चांगले, त्यांना चौथं वर्ष संशोधनाचं करता येतं, आणि मग पदवीवर 'ऑनर्स विथ रिसर्च' असं लिहून येतं. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा प्रेमराजने गावभर पेढे वाटले खरे, पण ते शिक्षण संपल्याचे पेढे होते. 'तीन वरीसमा डिग्री भेटनी ना? मंग चौथं वरीस कसाले?' हा त्याचा प्रश्न. आई गेल्यापासून घरात शब्द त्याचाच चालायचा. पण त्या दिवशी आबांनी, उभ्या आयुष्यात लेकापुढे आवाज न चढवणाऱ्या झुलालआबांनी, भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, 'तिले शिकू दे. वावर मन्हं शे, मी देस.'

आणि खरोखर त्यांनी चाळीसगावपासून घटकाभराच्या वाटेवरचं ते वावर दिलं, त्यातलीही सगळ्यात काळी, ओल धरणारी पट्टी. रूपालीचा विषय होता दादर. ही खान्देशची रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच वाढते, तिला वरून पाणी लागत नाही. आता बाजारातलं बियाणं घरोघर आलं, आणि जुन्या घराण्यांची दादर मडक्यातल्या मडक्यात संपत चालली. रूपाली गावोगाव हिंडली, म्हाताऱ्या बायांच्या पाया पडली, आणि मूठ मूठ बियाणं गोळा करून आणलं. प्रत्येक घरचं बियाणं वेगळ्या ओळीत पेरलं, प्रत्येक ओळीला वेगळ्या रंगाचा दोरा. पिंपळनेरच्या झुंबरबाईने तर मडकंच उपडं केलं होतं. 'इतलंच शे बाई. वाढाव, आनि माले मूठभर परत आनी दे,' असं ती म्हातारी म्हणाली होती, आणि रूपालीने तिच्या हातावर हात ठेवून तसा शब्द दिला होता. त्या ओळीत उगवलं थोडं आणि जगलं त्याहून थोडं. पिशवी बांधण्याजोगी कणसं आली ती दोनच.

एका ओळीचा पराग दुसऱ्या ओळीवर पडला तर घराण्याघराण्यांची सरमिसळ होते, म्हणून फुलोऱ्याआधी प्रत्येक निवडक कणसावर पिशवी चढवायची. ही विद्या तिने आबांना शिकवली. आबा त्या पिशव्यांना 'टोपडी' म्हणत. 'आज हिरव्या दोरानी पोरीले टोपडं चढाडं,' असं फोनवर सांगत, आणि वसतिगृहाच्या गॅलरीत उभी राहून ती एकटीच हसत सुटे. तिला वाटे, सगळ्या जगात आपलं संशोधन दोनच माणसांना समजलं आहे, एक कॉलेजातल्या मॅडम आणि दुसरे आबा.

त्या बदल्यात आबांनीही तिला आपली एक रीत सांगितली होती. त्यांच्या घरात आगटी पेटवण्याआधी बियाण्याचं कणीस राखत. हुरड्यासाठी इळा उचलायचा तो नंतर. आधी ओळीतलं ज्वारीचं चांगलं उभं ताट बघून त्याला जुन्या धोतराची चिंधी बांधायची. अशी गाठ मारली की त्या कणसाला घरचा माणूस काय, पाहुणासुद्धा हात लावत नसे. रूपालीला तेव्हा ते फार आवडलं होतं, आणि पुढे अभ्यासाच्या गडबडीत ती विसरूनही गेली होती.

आता तेच आबा इळा मांडीवर घेऊन बसले होते.

'हा दोरा कसला?' पियुषने विचारलं. मुलगा साधा होता, त्याने आपल्या पानातलाही एक तुकडा उचलून दाखवला. रूपालीला वाटलं, ओरडावं, आगटीत पाणी ओतावं, त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडातला घास काढून घ्यावा... पण आबांची मान खाली होती, आणि परक्या माणसांसमोर ती आणखी खाली जावी हे तिला सोसवेना.

'बियाणं ओळखण्यासाठी बांधला होता,' ती म्हणाली.

'मग आता कसं ओळखणार?'

'आता नाही ओळखता येणार.' आणि तिने त्याच्या पानावर आणखी हुरडा वाढला.

पाहुणे खूश होऊन गेले. दाणा गोड, मुलगी शांत, वच्छलाबाईंना दोन्ही पसंत पडलं. त्यांची जीप दिसेनाशी झाली तशी रूपाली आबांसमोर येऊन उभी राहिली. प्रेमराज मध्ये पडला. म्हणाला, उघड्या कणसांची मिठ्ठूंनी टोचून टोचून चाळण केली होती, पाहुण्यापुढे पाखराचं उष्टं ठेवायचं होतं का? टोपड्यातली कणसं भरलेली होती, आणि चांगलं असेल ते पाहुण्याला द्यायचं, हे काय तो आज शिकला? असं स्थळ काय रोज दारात येतं? त्याची बायको नूतन पदर तोंडाशी धरून उभी होती. रूपालीने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाला पिशव्यांचा पुरता अर्थ ठाऊक नव्हता, त्याला एक वेळ क्षमा होती. पण...

'आबा, त्या कनसं कोनी काप्यात?'

आबांनी मान वर केली नाही. 'मीच काप्यात,' ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी तिचं काळीज चिरलं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? ती अगदी हळू म्हणाली,

'दुसरानी काप्या ऱ्हातात तं मी तुमनाजोडे रडत येती. आते कोनाजोडे जाऊ?'

तिने खांद्याला पिशवी अडकवली आणि ती बांधावरून तडक रस्त्याला लागली. नूतन ताई ताई म्हणत मागे आली, पण रूपालीने वळून बघितलं नाही, ना माणसांकडे, ना दादरच्या ओळींकडे. आपलं लेकरू गेलेलं घर मागे वळून बघवत नाही, तसं तिला झालं होतं.

जळगावला मॅडमनी विचारलं तेव्हा तिने आबांचं नाव घेतलं नाही. राखण नीट ठेवली नाही, चूक माझीच, एवढंच सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांनी खरं ते सांगितलं. दादरचा हंगाम वर्षातून एकदाच. शुद्ध बियाणं हाती नाही तर प्रबंधात लिहायचं काय? प्रबंध नाही तर ऑनर्स नाही, तीन वर्षांची पदवी घेऊन घरी जावं लागेल. म्हणजे प्रेमराजला हवं होतं तेच. आणि पिंपळनेरच्या त्या म्हातारीला काय सांगायचं? तुझं मडकं रिकामं केलं आणि धुळ्याच्या पाहुण्यांना खाऊ घातलं?

आबांचे फोन येत. ती तो वाजणारा फोन उशीखाली दाबून धरी, आणि वाजायचा थांबला की रडे. मग फोन येईनासे झाले, आणि तिला त्याचंही दुःख झालं, माणसाचं मन असंच वेडं असतं. धुळ्याच्या स्थळाला तिने स्वतः नकार कळवला, त्यावरून प्रेमराजने आकाशपाताळ एक केलं. एकदा फक्त नूतन वहिनीचा फोन तिने उचलला. 'ताई, आबा घर नही येतस, दिनभर वावरमाच बठतस. भाकरबी मी तठेच धाडस.' रूपालीने 'बसू दे' म्हणून फोन ठेवला, आणि ठेवल्यावर आपलेच शब्द तिला दिवसभर टोचत राहिले.

फाल्गुन लागला. मॅडम म्हणाल्या, 'निदान उभ्या ताटांची उंची तरी मोजून आण, कापणी व्हायच्या आत. अपयशाचाही अहवाल नीट लिहायचा असतो.' म्हणून ती गेली. आबांसाठी नाही, अहवालासाठी, असं तिने स्वतःला एसटीभर बजावलं.

वावराशी आली तर सगळं रान कापून मोकळं झालेलं, आणि मध्यभागी फक्त तिची पट्टी उभी. राखणीच्या माळ्यावर आबा बसले होते, हातात गोफण. किती वाळले होते! गालाची हाडं वर आली होती, दाढी वाढली होती. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि टेप काढून ती पहिल्या ओळीत शिरली.

तिसऱ्या की चौथ्या ताटापाशी तिचा हात थांबला. ताटाला पांढऱ्या धोतराची चिंधी बांधलेली होती, आणि वर, तिच्या डोक्यापेक्षाही उंच, आतल्या बटर पेपरवर चढवलेलं खाकी कागदाचं टोपडं! शिवलेलं, सुईदोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांचं. खाली तिने बांधलेला हिरवा दोरा जशाचा तसा. ती दुसऱ्या ओळीत गेली, तिथेही एक गाठ. तिसऱ्या ओळीत गाठ होती, पण कणीस पाखरांनी नेलं होतं. चौथीत होतं... ती ओळीमागून ओळ पळत सुटली, पानं गालाला कापत होती तरी तिला भान नव्हतं. लाल दोऱ्याच्या ओळीशी येऊन ती थबकली. दोन कणसांपैकी एकाचा नुसता देठ उरला होता. दुसऱ्या ताटाला गाठ होती, एक नाही, दोन, आणि वरचं टोपडं भरून जड झालं होतं.

मागे पानं सळसळली. आबा माळ्यावरून उतरून येऊन उभे होते, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून.

'प्रेमराजभाऊनी कापाले लायं का तुमले?' तिने विचारलं. तिला किती वाटत होतं, त्यांनी हो म्हणावं!

आबांनी मान हलवली. 'त्याना धाकखाल नही कापं. मालेबी लोभ सुटना व माय... तुन्हं लगीन मन्हा डोयासमोर व्हई जावो, शिकाडानं ऱ्हायनं तं ऱ्हायनं, असं वाटनं. टोपडं कसाले ऱ्हास ते माले ठाऊक व्हतं. बठ्ठं ठाऊक व्हतं.'

'मंग ह्या गाठी?'

आबांनी आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. 'इळा उचलाना आगोदर हातनी आपसुकच गाठी मार्‍यात. हर ओळमा एक. मन बेइमान व्हयनं माय, पन हात नही व्हयना.'

'माले सांगं काबरं नही?'

'काय सांगू? थोडं राखं म्हनीसन कापेलनी माफी मांगू?'

रूपालीला हुंदका आवरला नाही. ज्या हातांनी घात केला तेच हात महिनाभर पाखरांशी भांडत बसले होते. आता या हातांवर रागवावं की ते कपाळाला लावावेत, हे तिला कळेना. तिने त्यांना मिठी मारली नाही. जखम ताजी होती आणि ती खोटं वागणारी मुलगी नव्हती. तिने टेपचं एक टोक त्यांच्यापुढे धरलं. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाकून लाल दोऱ्याच्या ताटाच्या मुळाशी टेकवलं, आणि तिने दुसरं टोक वर कणसापर्यंत नेलं.

प्रेमराजशी बोलायला तिला पुढे बराच काळ लागला, ती गोष्ट वेगळी. प्रबंधही मनासारखा झाला नाही, कणसं थोडी पडली, काही ओळी तर कायमच्या गेल्या. पण ऑनर्स गेलं नाही, आणि पिंपळनेरला मूठभर दादर परत गेली.

त्या दिवशी मोजणी संपत आली तेव्हा आबांनी भीत भीत विचारलं होतं, 'कनसं कमी काबरं भर्‍यात, ते पुस्तकमा लिखनं पडी का?'

'पडी. खरं तेच लिखसू.'

'मन्हं नाव?'

'लिखसू,' रूपाली म्हणाली. तिने डोळे पुसले आणि लाल दोऱ्याचं कणीस खुडून टोपड्यासकट त्यांच्या ओंजळीत ठेवलं. 'कापनाराबी तुम्हीच, राखनाराबी तुम्हीच. दोन्ही जागे लिखसू.'