मेणानं धरलेला रंग

"लाल पूड द्या. चांगली गडद."

गल्ल्यामागचा तरुण नवाच दिसत होता. त्यानं वर पाहिलं आणि... पाहतच राहिला! खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही, काय करू? ईस्टर तोंडावर आलेला, अंडी रंगवायला आमच्या झाहले गावातल्या साऱ्या बायकांची त्या रंगांच्या दुकानात झुंबड. त्यानं न विचारता पुडी बांधली, मी न विचारता घेतली.

घरी येऊन मेण वितळवलं, पूड घातली, हात दुखेपर्यंत ढवळलं. साच्यातून मेणबत्ती निघाली ती पांढरीफटक, आणि एका टोकाला लाल गाळ.

रडूच कोसळलं. बाबा गेल्यापासून मेणबत्त्यांचं काम मी एकटीनं चालवत होते. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत प्रत्येक पोराच्या हातात मेणबत्ती लागते, आणि यंदा सगळ्यांना रंगीत हवी होती. अमीनकाकांनी बजावलं होतं, "नजला, रविवारी तुझ्या मेणबत्त्या नीट जळल्या तर ठीक. नाहीतर हे काम बंद, आणि तू माझ्याबरोबर बैरूतला. माझ्या ऑफिसात बस." मला नव्हतं जायचं. नाही म्हणजे नाही!

तशीच पाय आपटत दुकानात गेले आणि मेणबत्ती त्याच्यापुढे आदळली.

"हे काय दिलंत?"

"अंड्यांचा रंग." तो गोंधळला. "या दिवसांत लाल म्हटलं की—"

"माझ्या मेणबत्त्या अंडी घालत नाहीत!"

मागच्या बायका खो खो हसल्या. त्याचे कान लालबुंद झाले.

"हा पाण्यात विरघळतो," तो हळूच म्हणाला. "मेणाला तेलात विरघळणारा लागतो. आतल्या फडताळात असेल... शोधून मीच आणून देतो. चूक माझी."

"घर माहीत आहे?"

"विचारत विचारत येईन की."

वदीअ त्याचं नाव. दुपारी पुडी द्यायला आला तो संध्याकाळपर्यंत हललाच नाही. मी चमचाभर गरम मेणात पूड घोटली, फडक्यातून गाळली, मग पातेल्यात ओतली. रंग धरला! मला चेव चढला. अजून पूड, अजून थोडी... डाळिंबासारखी मेणबत्ती झाली. पेटवली, तर फुरफुरली आणि विझली.

"पूड जास्त झाली. वात तुंबली," तो म्हणाला. "जरा फिकी—"

"फिकी कोण घेणार?"

"विझलेली तरी कोण घेणार?"

मी डोळे वटारले. तो हसला... गालावर मेणाचा शिंतोडा, आणि हसतोय! मी पातेल्यात पांढरं मेण टाकत गेले, रंग निवळत गेला, गुलाबी झाला. ती मेणबत्ती शांतपणे जळली. आम्ही ज्योतीकडे बघत बसलो. म्हणजे मी ज्योतीकडे, तो माझ्याकडे. मला काय कळत नव्हतं?

रविवारी नेमका वारा सुटला. बापांच्या खांद्यांवर पोरं, पोरांच्या हातात माझ्या गुलाबी मेणबत्त्या. वाऱ्यानं काही विझल्या, पण काडी लावताच पुन्हा पेटल्या. एकही तुंबली नाही. काका मिरवणूक चर्चच्या दारात पोचेपर्यंत बघत राहिले, मग म्हणाले, "बैरूतचं राहू दे. पुढल्या वर्षी निळ्याही कर."

मी वळले, तर समोर वदीअ. हातात मेणबत्ती, खांदा रिकामा.

"पोर कुठाय?" मी विचारलं. "लोक हसतायत."

"हसू देत. मी... पुढची सोय करतोय."

"कोणाबरोबर?"

"तेच विचारायचं होतं... पण धीर—"

"धीर आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "वदीअ, लग्न करू या."

त्याच्या बोटांवर गरम मेण ओघळलं. त्याला पत्ताच नाही.

"करू या," तो म्हणाला.

"अगं, आधी मला तरी विचार!" मागून काका ओरडले.

"विचारत नाहीये, काका. सांगतेय," मी म्हणाले, आणि सगळ्यांदेखत वदीअचा हात धरला.